तुझी डिस्क नदीत गेली, वर्षा

वर्षा, काल तुझा लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. अंजूनं सुरू केला. मी तिच्या शेजारी बसले होते, टॉर्च धरून. समोरच्या खोलीत, तुझ्या पलंगावर, इतका वेळ मी पहिल्यांदाच बसले. तू असताना चहा ठेवायचे आणि निघून यायचे.

घरात सगळे तुझ्याबद्दल बोलतात. सासूबाई बोलतात, प्रकाशभाऊजी बोलता बोलता गप्प होतात, मानोऱ्याहून लोक येतात ते ओट्यावर बसून बोलतात. मी आत चहा करते. तुझ्याबद्दल मला काय वाटतं ते कुणी विचारत नाही. विचारलं तरी मला सांगता येणार नाही, कारण सांगायला गेले तर पहिला शब्द वाईट निघेल. म्हणून तुलाच सांगते. तुला ते तसंही माहीत होतं.

मी तुझ्यावर जळत होते. अजून जळते. माणूस गेलं की हे संपत असेल असं मला वाटलं होतं. संपलं नाही, वाढलं. जिवंत होतीस तेव्हा तू कधी चिडायचीस, कधी भाजीत मीठ विसरायचीस, गरम पाणी सगळं एकटीच घेऊन टाकायचीस. आता तू काहीच चुकत नाहीस. अंजूच्या मनात तू नुसती चांगली होऊन बसली आहेस, आणि चुका करायला घरात मी एकटी उरले आहे.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा माझी अंजू दुसरीत होती. मी मोठी जाऊ, तू धाकटी. मला 'बाई' म्हणायचीस, माझ्या आधी कधी ताटावर बसली नाहीस. वागण्यात खोट काढायला तू मला जागाच ठेवली नव्हतीस. तुझ्या सामानात अकोल्याहून आणलेला तो लॅपटॉप होता, तेव्हाच जुना. एका बाजूची बिजागरी तुटलेली, तिला काळी टेप गुंडाळलेली. बॅटरी मेलेली, म्हणून त्याची वायर सदा भिंतीत. सासूबाई म्हणाल्या होत्या, "सुनेनं आल्या आल्या आपलं जनावर बांधलं भितीले." सगळे हसले होते. तूही हसलीस.

मग तू समोरच्या खोलीत काम सुरू केलंस. पीकविम्याचे अर्ज, दाखले, शाळेचे फॉर्म, आणि बंद पडलेले कॉम्प्युटर. तांड्यांवरून बाया यायच्या, मानोऱ्याच्या दुकानांतून माणसं यायची. आणि अंजू. शाळेतून आली की दप्तर माझ्या अंगावर टाकायची आणि समोरच्या खोलीत पळायची. मी हाक मारली की यायची, पण डोळे तिकडेच ठेवून यायची.

तू शिकलेली होतीस याचं मला काही नव्हतं. मी चौथीनंतर घरी राहिले, ते दुःख जुनं होऊन केव्हाच बसून गेलं होतं. मला हेवा वाटायचा तो तुम्हा दोघींच्या हसण्याचा. तुम्ही तिकडे हसायच्या आणि मी इकडे पोळी लाटता लाटता थांबायचे, कशावर हसल्या ते कळावं म्हणून. कळायचं नाही. ऐकू आलं तरी शब्द माझ्या ओळखीचे नसायचे. माझ्याशी पोरगी 'हो', 'नाही', 'भूक नाही' एवढंच बोलायची. तुझ्याशी बोलताना तिला श्वास पुरायचा नाही.

हळूहळू ती तुझ्यासारखी झाली. तिला चष्मा नाही, तरी विचार करताना नाकावर बोट न्यायची, तू चष्मा वर करायचीस तशी. ओढणी तुझ्यासारखी एकाच खांद्यावर. बोलताना मध्येच 'थांब, पाहू दे' म्हणायची, तुझ्याच आवाजात. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "पोरगी काकूवर गेली." मी "व्हय" म्हणायचे आणि भांडी जरा जोरात ठेवायचे.

रफिकभाई आले होते तो दिवस तुला आठवत असेल. मानोऱ्यात त्यांचं खिळे, कड्या, कुलुपांचं दुकान. दुकानातला कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून, स्कूटरवर पायांमध्ये ठेवून घेऊन आले होते.

"वर्षाताई, पाहा बरं याले," ते म्हणाले. "सकाळी बटन दाबलं का दुपारी सुरू होते."

तू म्हणालीस, "तुमच्यावरच गेला असन, रफिकभाई."

"आमी तं दुपारी बी सुरू होत नाही. घरच्यायले इचारा."

मी दारात चहाचा ट्रे धरून उभी होते. मलाही हसू आलं होतं, पण मी ते दाबलं. तू कॉम्प्युटर उघडलास, तो सुरू करून आतल्या डिस्कला कान लावलास, आणि ती गेली म्हणालीस. नवी टाकायची आणि तिच्यावर दोन सिस्टिम बसवायच्या. विंडोज बसवायची, कारण दुकानाची बिलं तिच्यावर निघतात. आणि लिनक्स बसवायची, कारण जुन्या मशीनला ती हलकी पडते.

"दोन-दोन काहून वो ताई?" रफिकभाई म्हणाले. "मले एकच सांभाळल्या जाऊन नाही राह्यली."

"एक गिऱ्हाइकासाठी, एक तुमच्या जिवासाठी," तू म्हणालीस, आणि मग अंजूकडे वळलीस. "पहिले विंडोज बसवाची, लिनक्स मंग. उलटं केलं तं गडबड होते. विंडोज मागून आली तं पहिलीले झाकून टाकते, दाखवतच नाही का घरात दुसरी कोनी हाय म्हणून. लिनक्स मागून आली तं सुरू होतानी दोघींचे नाव दाखवते. ज्याले जे पाह्यजे ते घ्या म्हणते."

मला काय झालं माहीत नाही. मी त्या खोलीत कधी बोलत नसे. त्या दिवशी दारातूनच विचारलं, "म्हणजे मागून आलेलीच्या मेहरबानीनं पहिली राह्यते?"

तू माझ्याकडे पाहिलंस. रफिकभाईंनी उघड्या कॉम्प्युटरात डोळे घातले. तू म्हणालीस, "नाही बाई. पहिली आपल्यातली जागा काढून देते, तवा मागचीले बसता येते."

आणि अंजू हसली. ती का हसली ते तिलाही आज आठवत नसेल. मी ट्रे ठेवला आणि आत गेले. तू हसली नव्हतीस, हे मी नीट पाहिलं होतं. तरी मी चिडले ते तुझ्यावर, कारण पोरीवर चिडायला मन होत नव्हतं.

खरं भांडण आपलं एकच, आणि तेही अर्धं राहिलं. या उन्हाळ्यात, गच्चीवर कुरडया घालताना. अंजूची बारावी झाली होती. मी सोऱ्या दाबत होते, तू धोतराच्या कापडावर जागा करून देत होतीस. तू सहज बोलल्यासारखं बोललीस, पण मला कळलं की तू हे बरेच दिवस मनात ठेवून वर घेऊन आली आहेस.

"बाई, अंजूले अकोल्याले पाठवा. कॉम्प्युटरच्या कॉलेजात. माह्या आईजवळ राहीन, खोली रिकामीच हाय."

"मानोऱ्यात हाय ना कॉलेज."

"तिथं हे शिकवत नाहीत."

"तू शिकवलं ना येवढं. अजून काय राह्यलं?"

"मले येते तेवढं शिकवलं, बाई. मले सारं कुठं येते?"

यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे तुझं माहेर आलं. तुझ्या आईच्या हातची भाजी खाणारी माझी पोरगी आली. इथे तुझी खोली, तिथेही तुझीच खोली. मी म्हणाले, "आमची पोरगी आमी पाहून घेऊ."

'आमची' हा शब्द मी दाबून म्हटला. आणि त्याच्या मागून दुसरं वाक्य माझ्या तोंडात आलं. तुला मूल नव्हतं त्याबद्दलचं. कोणतं ते लिहीत नाही. मी ते बोलले नाही. सोऱ्या उचलला आणि दाबत राहिले. पण तू ते माझ्या तोंडावर वाचलंस. उठलीस, कापडाचं उडणारं टोक सरळ केलंस, त्याच्यावर दगड ठेवलास. "ऊन वाढलं, बाई. तुमी खाली जा, मी पाह्यतो बाकीचं," एवढंच म्हणालीस.

पुन्हा तू अकोल्याचं नाव काढलं नाहीस. मी बोललेच नव्हते, म्हणून मला माफी मागता आली नाही. तू ऐकलंच नव्हतंस, म्हणून तुला भांडता आलं नाही. एकाच चुलीवर आपण दोघी त्या न बोललेल्या वाक्याच्या दोन बाजूंनी फिरत राहिलो. कुरडया मात्र चांगल्या झाल्या. डबा भरून आहेत. तळायला कुणी काढत नाही.

तुझ्या तापाचं मी लिहीत नाही. अकोल्याच्या दवाखान्याचंही नाही. ते दिवस भाऊजींचे आहेत.

तुला आणलं तेव्हा अंजू रडली नाही. तिनं जेवण सोडलं. पाणी दिलं तर पाणी घ्यायची, ताट आणलं की तोंड भिंतीकडे करायची. बायांनी घर भरलेलं. त्या सगळ्यांच्या देखत सासूबाई म्हणाल्या, "माय मेल्यावानी करून राह्यली पोरगी." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी समोर ताट घेऊन उभी होते. बायांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. त्या वेळी मला तुझ्यासाठी रडू येत होतं, खरंच येत होतं, ते तिथंच अडकलं. मी गेले तर ही एवढं करेल का, हा विचार डोक्यात घेऊन मी ताट परत नेलं. तुझ्या मयताच्या घरात मी हा हिशेब करत होते.

तुझ्या लॅपटॉपची डिस्क आजारपणाच्या आधीच टकटक वाजायला लागली होती. तूच ती काढलीस आणि पांढऱ्या रुमालात बांधून फणीच्या डब्याजवळ ठेवलीस. अंजूला म्हणालीस, अकोल्यात एक जण आहे, तो बिघडलेल्या डिस्कमधलं सगळं काढून देतो, माहेरी जाईन तेव्हा नेईन. नवी तू मागवून ठेवली होतीस. ती आली तेव्हा लोक बसायला येत होते. कुरियरवाला दारातला चपलांचा ढीग पाहून पायरीवरच थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "वर्षा मॅडम कोन हाय?" भाऊजी उठले, सही केली, आणि ते पाकीट हातात घेऊन उभे राहिले. कुठं ठेवावं ते त्यांना कळेना. अंजूनं ते त्यांच्या हातातून घेतलं.

आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. गेलेल्या माणसाच्या अंगाजवळच्या वस्तू त्याच्याच कपड्यात बांधून वाहत्या पाण्यात सोडायच्या, म्हणजे त्याचा जीव घरात अडकत नाही. सासऱ्यांच्या वेळी त्यांची तंबाखूची डबी आणि काठी तूच हातानं बांधून दिली होतीस. तुझं गाठोडं सासूबाईंनी बांधलं. तुझ्या निळ्या सुती साडीत तुझी फणी, आरसा, चष्मा, रोजच्या बांगड्या, चपला. गाठ मारताना एक टोक मी धरलं होतं. रुमालाची पुरचुंडी मी पाहिली. मला वाटलं, रुमालच. भाऊजींनी गाठोडं अरुणावतीत सोडलं.

मग अंजूनं शोधायला सुरुवात केली. कपाट काढलं, पलंगाखालची पेटी काढली. सासूबाई अंगणात गहू निवडत होत्या.

"आजी, काकूची डिस्क कुठं हाय? रुमालात बांधली होती ते."

"ते चापट, जड? फणीपाशी होतं ते काय?"

"व्हय, तेच."

"ते तं म्या तिच्यासंगं देल्लं."

अंजू नुसती उभी राहिली. सासूबाईंचे हात सुपात थांबले. "तिचंच होतं ना ते, माय? दिवसभर त्याच्याशीच राहे ते. म्हटलं जिवाजवळचं हाय, तिथं लागन तिले. काय झालं? देवाचं नव्हतं ना?"

"नाही आजी. काही नाही झालं," अंजू म्हणाली. म्हातारीनं सगळ्यात मायेनं जी वस्तू तुझ्यासोबत दिली, ती तीच होती. तिला काय सांगणार?

आत येऊन अंजू भिंतीला टेकून बसली. "काकूचा आवाज होता त्याच्यात," ती मला म्हणाली. "शिकवतानी भरून ठेवे ते. फोटो होते सारे. लहानपणापासूनचे."

वर्षा, मला बरं वाटलं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. तुझा आवाज नदीत गेला आणि मला हलकं वाटलं. आता ती दार लावून तुला ऐकत बसणार नाही. आता तू तिच्याजवळही तेवढीच, जेवढी आमच्याजवळ. लॅपटॉप नुसता रिकामा डबा. मनात म्हटलं, जाऊ दे, आता तरी पोरगी स्वयंपाकघरात येईल.

ते बरं वाटणं दिवेलागणीपर्यंतच टिकलं. वात लावताना एकदम लक्षात आलं की ते फोटो अंजूचे होते. दुधाचे दात पडलेली अंजू, वेण्या कापून आलेली अंजू, शाळेत नऊवारी नेसून नाचलेली अंजू. मी तिचा एकही फोटो कधी काढला नाही. मला कधी सुचलंच नाही, कारण तू काढत होतीस. माझ्या पोरीचं लहानपण तुझ्या डिस्कमध्ये होतं आणि मी त्या साडीचं टोक धरून ते नदीत पाठवलं. तुझं आणि माझं एकाच गाठीत गेलं. मग मला रडू आलं. ते तुझ्यासाठी होतं की माझ्यासाठी, ते मी वेगळं केलं नाही.

काल दुपारी अंजूनं समोरच्या खोलीतून हाक मारली. "आई, येतं काय जरा? टॉर्च धराची हाय."

तुझ्या खोलीतून मला कामासाठी कुणी बोलावलं नव्हतं. कणीक तशीच झाकून मी गेले. तिनं लॅपटॉप पालथा घातला होता. बारीक स्क्रू काढून ती एका ताटलीत ठेवत होती, कुठला कुठं बसतो त्याप्रमाणे कडेनं गोल मांडून. नवी डिस्क मला दाखवली. जुनीपेक्षा पातळ, पापडासारखी हलकी. "ह्याच्यात फिरणारं काही नाही," ती म्हणाली, "म्हणून वाजत नाही." तिनं ती खाचेत सरकवली, बोटानं दाबली, आणि दाबताना जीभ ओठांत धरली. ती सवय तुझी नाही. माझी आहे. सुईत दोरा ओवताना मी असंच करते. मी टॉर्च हलू दिली नाही, पण मनात ती गोष्ट नीट ठेवून घेतली. तुला उगाच नाही सांगत. सांगायचीच होती.

पेनड्राइव्ह लावून तिनं विंडोज बसवायला घेतली. पडद्यावर आकडा हळूहळू चढायला लागला. दोघी त्याच्याकडे पाहत बसलो. काहीच करायचं नसतं आणि उठूनही जाता येत नाही, हे तुझं काम मला पहिल्यांदा कळलं. अर्ध्याच्या वर आकडा गेला आणि लाईन गेली. पंखा थांबला, आणि पडदा काळा झाला.

अंजूनं मांडीवर हात आपटला. "सारं पहिल्यापासून करा लागन आता. काकू असती तं..."

या 'काकू असती तं'नं तुझ्या जाण्यापासून माझं घर भरून गेलं आहे. मी एरवी ऐकून घेते. काल माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू असती तरी लाईन गेलीच असती."

अंजूनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठून जाईल. ती हसली. आधी नाकातून, मग पलंगावर मागे पडून, पोट धरून. तू गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. आणि वर्षा, माझ्या बोलण्यावर हसली. काय बोलल्यावर हसली तेही मला माहीत होतं.

लाईन लवकर येणार नव्हती. दारातून येईल तेवढं वारं घेत आम्ही बसून राहिलो. ती म्हणाली, "तुले एक सांगू काय आई? काकू तुह्यावर जळे."

"माह्यावर? काहून?"

"तू हाक मारली का मी उठून ये ना. काकू म्हणे, कितीबी महत्त्वाचं चालू राहो, आईची हाक आली का ही माउस सोडून पळते. माह्यासाठी उठशील काय अशी? मी म्हटलं, काकू, तू हाक मारतच नाही, मी इथंच बसून राह्यतो ना. तं म्हणे, तेच तं."

'तेच तं' हे तिनं हुबेहूब तुझ्या आवाजात म्हटलं.

म्हणजे मी चुलीपाशी कान देऊन बसत होते आणि तू तिकडे माझ्या हाकेची धास्ती घेऊन बसत होतीस. इतकी वर्षं. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, आधी आनंदच झाला. तुझ्याकडे नसलेलं माझ्याकडे काहीतरी होतं, आणि ते तुला हवं होतं. पण लगेच दुसरं टोचलं. हे तू तिला सांगितलंस. मला नाही सांगितलंस. एकदा कुरडया घालताना सांगितलं असतंस, "बाई, तुमच्यावर जळतो मी," तर मी कदाचित तेव्हाच हसले असते, आणि ते वाक्य माझ्या तोंडात आलंच नसतं. मीही तुला कधी सांगितलं नाही म्हणा. दोघी लाजत राहिलो. मी बुजरी म्हणून. तू काहून लाजलीस, तुला तर सगळ्यांशी बोलता यायचं.

लाईन आली. अंजूनं पुन्हा पहिल्यापासून लावलं. विंडोज बसली. मग दुसरा पेनड्राइव्ह, लिनक्स. आधी भाषा विचारली, तिनं मराठी निवडली. तू सगळ्यांच्या मशीनवर मराठी ठेवायचीस, तांड्यावरच्या बायांना समोर बसून वाचता यावं म्हणून. त्यामुळे आता मीही वाचू शकत होते. एकेक ओळ मी मनात वाचली. कोणत्या गावची वेळ ठेवायची, कोणाला किती जागा द्यायची, अंजू पटापट उत्तरं देत गेली. मग पडद्यावर आलं, आपले नाव.

तिची बोटं थांबली. मला माहीत होतं ती काय लिहिणार. लॅपटॉप तुझा, खोली तुझी, शिकवलेलं तुझं. रोज उघडताना पहिलं तुझं नाव दिसेल, आणि रोज मी ते पाहीन. मी तयारी केली. टॉर्च केव्हाची बंद होती, तरी ती घट्ट धरून बसले.

तिनं लिहिलं, अंजली.

माझ्याच्यानं राहवलं नाही. "काकूचं नाही टाकलं?"

"काकूचं काहून? वापराचा मले हाय," ती म्हणाली. पडद्यावरचे डोळे न काढता म्हणाली. आणि तशीच पुढे म्हणाली, "आई, मी अकोल्याले जातो. काकूच्या आईशी बोलली मी. त्या म्हणतात ये. ॲडमिशनचे दिवस निघून चालले."

ती विचारत नव्हती. आधी विचारायची तेव्हा आवाजात तू असायचीस, तुझी बाजू असायची, म्हणून मला 'नाही' म्हणायला बळ यायचं. कालच्या आवाजात तू नव्हतीस. भांडायला समोर कुणीच नव्हतं, एक मोठी झालेली पोरगी होती.

मी म्हणाले, "बाबाले मी सांगन."

तिनं तेव्हा वळून पाहिलं. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, आणि पडद्यावर दोन्ही सिस्टिमची नावं आली, एकाखाली एक. मी उठून कणकेकडे गेले. रात्री तिच्या बाबांना सांगितलं. ते म्हणाले, तूच तर नाही म्हणत होती. मी म्हणाले, व्हय, मीच.

तू जिंकलीस, वर्षा. मी हरले असं मात्र समजू नकोस. मी तिला तुझ्यासाठी पाठवत नाही. तिनं स्वतःचं नाव लिहिलं म्हणून पाठवते. तुला याचा आनंद झाला असता, आणि मला ठाऊक आहे, थोडं लागलंही असतं. तुझ्या लॅपटॉपवर तुझं नाव नाही. माझं तर कधीच नव्हतं.

आज घरात सगळे खूश आहेत. सासूबाई तिच्यासाठी शेव करायला निघाल्यात, भाऊजींनी लॅपटॉपला नवी वायर आणली, रफिकभाई बिजागरीसाठी एक पट्टी घासून घेऊन आले आणि "आता आमच्या दुकानाचं कोन पाहीन?" म्हणून तिला चिडवून गेले. तिनं त्यांना सांगितलं, फोन करा, तिथून पाहीन. त्या घाईत कुणाला माझं तोंड पाहायला वेळ नाही.

ती दिवाळीला येईल. येईल तेव्हा तिच्या तोंडी कुणातरी नव्या माणसाचं नाव असेल, मैत्रिणीचं, बाईंचं, कुणाचंही. जेवता जेवता ती ते नाव दहादा घेईल, आणि मी वाढता वाढता त्या न पाहिलेल्या माणसावर जळेन. तिच्या बाबांना ते कळणार नाही. सासूबाईंना सांगितलं तर हसतील. ज्या एका बाईच्या पोटात त्या वेळी माझ्यासारखंच झालं असतं, ती तू होतीस. आपण एकमेकींकडे पाहिलं असतं, काही बोललो नसतो, आणि दोघी उगाच स्वयंपाकघरात येऊन डबे पुसत बसलो असतो.

ती येईल त्या दिवशी मला तू या घरात हवी होतीस. चांगली म्हणून नाही, वर्षा. माझ्याइतकीच जळणारी म्हणून.